सहा महिन्यांची ज्येष्ठता

माझ्या वडिलांचा कोर्स अकादमीत दाखल झाला त्याला यंदा पन्नास वर्षे होत आहेत. त्यानिमित्त सर्व कोर्समेटांची एक परिचयपुस्तिका छापायचे ठरले आणि बंगळूरमध्ये स्थायिक झालेल्यांचे अर्ज गोळा करण्याचे काम बाबांवर आले. बाबांवर आले याचा आमच्या घरातला अर्थ असा, की ते माझ्यावर आले. बाबा निवृत्त कर्नल आहेत. सैन्यातून बाहेर पडल्यावर काही वर्षे त्यांनी येथल्या एका सरकारी कारखान्यात काढली आणि जयनगरात घर घेतले. परंतु संगणकावर टंकन करणे हे आपल्या हुद्द्याचे काम नव्हे, ही त्यांची समजूत अजून कायम आहे. मी एका संशोधन संस्थेत प्रथिनांच्या स्फटिकांवर काम करते. त्या महिन्यात मी स्वतंत्र प्रयोगशाळा मिळावी म्हणून अर्ज लिहीत होते. त्यामुळे अकरा निवृत्त अधिकाऱ्यांच्या आयुष्यांचा गोषवारा आणि माझ्या पुढच्या पाच वर्षांचा आराखडा, दोन्ही पडद्यावर शेजारी शेजारी उघडे असत.

पुस्तिकेचा अर्ज साधा होता. नाव, पलटण, पत्नी, मुले, सध्या काय करता, आणि दोन छायाचित्रे: तेव्हाचे व आताचे. दहा अर्ज आठवड्याच्या आत आले. ही सगळी माणसे आयुष्यभर मुदतीच्या आधी कागद पाठवत आलेली. बहुतेकांनी प्रत्येक रकाना कॅपिटल अक्षरांत भरला होता. एकाने 'सध्या काय करता' यापुढे 'पेरू राखतो' असे लिहिले होते. ते देवनहळ्ळीचे काका, विमानतळाच्या पलीकडे त्यांची बाग आहे. अकरावा अर्ज मात्र आला नाही.

"अकरावे कोण?" मी विचारले.

"चामराजपेटचा," बाबा म्हणाले.

"ते तर तुमच्या नंतरच्या कोर्सचे ना?"

"दाखल माझ्याबरोबर झाला."

"आणि बाहेर कधी पडले?"

"सहा महिन्यांनी. तू त्याला यादीत धर."

संच ठरवायचा असेल तर अट एकच हवी, आणि ती सर्वांना सारखी लागू हवी. पुस्तिकेचे संपादक, दिल्लीकडे राहणारे एक निवृत्त ब्रिगेडियर, यांनी ती अट लेखी कळवली होती: जे कोर्सबरोबर बाहेर पडले तेच कोर्सचे. चुकीच्या बाजूला गाडी लावली म्हणून मला परत पाठवणारे माझे वडील आता एका लेखी नियमाकडे काणाडोळा करायला सांगत होते. हे इतके असाधारण होते, की मी टंकन थांबवले.

"का पण?"

बाबांनी पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "छापून आल्यावर तो मला सर कसा म्हणेल? कागदावर असेल ना, कोर्समेट म्हणून."

याचा अर्थ समजण्यासाठी अकादमीतील एक रीत माहीत असावी लागते. तेथील शिक्षण सहा-सहा महिन्यांच्या टर्ममध्ये विभागलेले असते. एखादा छात्र परीक्षेत नापास झाला, किंवा आजारपणामुळे ठरावीक दिवसांपेक्षा जास्त दिवस गैरहजर राहिला, तर त्याला एक टर्म मागे टाकतात. याला रेलिगेट होणे म्हणतात. कालपर्यंतचे सोबती त्या दिवसापासून सहा महिन्यांनी सीनियर होतात. सीनियरला 'सर' म्हणायचे असते, आणि ते तिथून बाहेर पडल्यावर संपत नाही. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस स्वतःपेक्षा दोन पायऱ्या खाली राहिलेल्या माणसाला लग्नाच्या मांडवात 'सर, आधी आपण' म्हणताना मी पाहिला आहे, केवळ तो एक टर्म आधी आला होता म्हणून.

बाबा आणि चामराजपेटचे काका यांच्या खोल्या अकादमीत शेजारी शेजारी होत्या. त्या मजल्यावर मराठी बोलणारे तेवढेच दोघे. बाबा मिरजेचे. काकांचे घराणे कित्येक पिढ्यांपासून बंगळूरचे; त्यांच्या घरी मराठी बोलतात, पण तिच्यात कन्नड इतकी मिसळलेली, की सांधा सापडत नाही. पहिल्या दिवशी काका बाबांना म्हणाले होते, 'स्वल्प थांब.' कन्नडमध्ये हा रोजचा शब्द आहे, थोडे या अर्थाचा. बाबांना तो फक्त स्वल्पविरामातून माहीत. हा मुलगा एखाद्या शास्त्रीबुवांचा असावा आणि याच्यापुढे जपून बोलावे, असे ते चार दिवस धरून चालले होते. हा किस्सा बाबा दरवर्षी सांगत आणि दरवर्षी 'शास्त्रीबुवा' या शब्दावर तितकेच हसत.

तिसऱ्या टर्ममध्ये लांब पल्ल्याच्या एका शर्यतीत काकांच्या नडगीचे हाड मोडले. ते दोन महिन्यांहून अधिक काळ इस्पितळात होते. दिवस मोजले गेले, मर्यादेपेक्षा जास्त भरले, आणि ते एक टर्म मागे गेले. यात कुणाचाही दोष नव्हता. पुढे त्यांची नोकरी उत्तम झाली; ते सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन दलात गेले, बाबांच्याच हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि चामराजपेटमधल्या आपल्या घरी परतले. परंतु इस्पितळातून आल्यापासून ते बाबांना 'सर' म्हणू लागले, आणि 'तू' जाऊन 'तुम्ही' आले.

दुरावा म्हणावा तर तसा नव्हता. चार वर्षांपूर्वी आई आजारी होती, तेव्हा काका सलग अठरा दिवस दुपारी बाराला इस्पितळात येत. दारात उभे राहून म्हणत, "सर, डबा आणलाय. तुम्ही जेवा, मी बसतो." आई पडल्या पडल्या हे ऐके. एकदा ते गेल्यावर ती म्हणाली, "यांना सर म्हणतो आणि मला वहिनी. सरांच्या बायकोला मॅडम म्हणतात. म्हणजे मनातून हे काही त्याचे सर नाहीत." मी तेव्हा तिच्या औषधांचा तक्ता करत होते आणि या निष्कर्षाकडे मी लक्ष दिले नाही. तो माझ्या निष्कर्षाच्या चार वर्षे पुढे होता.

बाबांचे स्पष्टीकरण असे, की काका नियमाचे पक्के आहेत. नियम सर्वांना लागू होतो, म्हणून त्यांनाही. यादीपुढे बसले असताना मला त्या अठरा दिवसांतलीच दुसरी एक गोष्ट आठवली. देवनहळ्ळीचे काका आईला बघायला पेरूंची पिशवी घेऊन आले होते. ते बाबांचेच कोर्समेट, म्हणजे चामराजपेटच्या काकांना तेवढेच सीनियर. जिन्यात त्या दोघांची गाठ पडली, आणि मी चामराजपेटच्या काकांना स्पष्ट ऐकले: "अरे जाड्या, लिफ्ट असताना जिना कशाला चढतोयस? इथंच दाखल होशील."

नियम जर नियम असेल, तर तो जाड्याला लागू का नाही? मी बाबांना विचारले, "ते आणखी कुणाकुणाला सर म्हणतात?"

बाबा म्हणाले, "सगळ्यांना म्हणत असेल."

"ऐकलंय तुम्ही?"

त्यांनी विचार केला. काका कोर्सच्या मेळाव्यांना कधीच येत नसत. त्यामुळे त्यांना इतर कुणाशी बोलताना बाबांनी पाहिलेच नव्हते. अठ्ठेचाळीस वर्षे एका निरीक्षणावर एक सिद्धान्त उभा होता, आणि त्याची पडताळणी कुणी केली नव्हती. मी कोरा अर्ज छापून घेतला आणि शनिवारी सकाळी चामराजपेटला गेले.

काकांच्या घराच्या तळमजल्यावर त्यांच्या धाकट्या भावाचे पुस्तकबांधणीचे दुकान आहे. काका तेथेच होते. छापील कागदांना घड्या घालून गठ्ठे लावत होते. प्रत्येक गठ्ठ्याची कड ते टेबलावर आपटून सरळ करत.

"ये की गं, विज्ञानबाई," ते म्हणाले. "सरांनी पाठवलं?"

"सरांनी नाही, बाबांनी."

"सरी, बरं. वर चल."

काकूंनी आधी उप्पिटाची बशी हातात दिली. मी अर्ज पुढे केला. काकांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती, तरी वाचली.

"हा चुकीच्या पत्त्यावर आलाय," ते म्हणाले. "माझा कोर्स वेगळा."

"तुमचा कोर्स कुठला, हाच तर प्रश्न आहे. दाखल होण्यावरून मोजलं तर—"

"मोजायचं काय त्यात? ज्यांच्याबरोबर बाहेर पडलो, तो कोर्स. दिल्लीवाल्यानं बरोबर लिहिलंय."

"मग त्यांच्या मेळाव्यांना तरी जाता का?"

"तिथं पहिल्या टर्मला मी त्यांचा सीनियर होतो. काल सर, आज अबे. ते बिचारे अजून बिचकतात. समोसा देतानासुद्धा दोन हातांनी देतात."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "म्हणून घरीच बसतात. ना इकडं, ना तिकडं."

मी बशी खाली ठेवली आणि ज्यासाठी आले होते ते विचारले. "काका, देवनहळ्ळीच्या काकांना तुम्ही सर म्हणत नाही. मी ऐकलंय. जाड्या म्हणता."

ते हसले, आवाज न करता, खांदे हलवून. "तुझ्या बापाला हे कळायला आणखी पन्नास वर्षं लागली असती. तुला किती लागली?"

"चार."

"वाईट नाही."

मग त्यांनी सांगितले. ते इस्पितळातून परत आले तेव्हा नवी खोली दुसऱ्या टोकाला मिळाली होती. पाय अजून ओढत होता. सकाळी लांब ओवरीत बाबा समोरून येताना दिसले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच भेट. आता हा आपला सीनियर, या गोष्टीची काकांना गंमत वाटली. म्हणून त्यांनी नाटकी ताठरपणे टाचा जुळवल्या आणि मोठ्याने म्हटले, 'गुड मॉर्निंग, सर!' बाबा आता हसतील, शिवी देतील, पाठीत एक घालतील, अशी त्यांची अपेक्षा होती.

"मग?"

"सर म्हणाले, 'कॅरी ऑन.' आणि गेले."

ज्युनियरच्या अभिवादनाला सीनियर हेच उत्तर देतो. चालू दे तुझे, एवढाच त्याचा अर्थ. हे उत्तर देताना चालण्याचा वेगही कमी करायचा नसतो.

"म्हणून मी कॅरी ऑन केलं," काका म्हणाले. "हुकूमच होता."

"अठ्ठेचाळीस वर्षं?"

"कुणी मागे घेतला नाही."

"तुम्ही बाबांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू? 'सर, मला सर म्हणू देऊ नका' म्हणून?" त्यांनी अर्जाची घडी घातली, कड नखाने दाबली आणि तो मला परत दिला. "बाकीचं सरांना विचार."

घरी येऊन मी बाबांना जसे घडले तसे सांगितले. अर्थ लावला नाही. ती सकाळ त्यांना आठवते का, हे विचारायची गरज पडली नाही.

"माझ्यामागे दोघे उभे होते," बाबा म्हणाले. "शेवटच्या टर्मचे. ज्युनियरनं सलगी केली आणि मी ती खपवून घेतली, तर शिक्षा दोघांना. त्याला आधी. त्या फरशीवर कोलांट्या मारायला लावल्या असत्या, त्या पायानं. मी त्याला वाचवलं."

"हे त्यांना सांगितलंत?"

"त्यानं विचारलं नाही."

"विचारणार कसे? ज्युनियर ना ते."

बाबांना हे लागले. मला ते दिसले आणि मी ते तसेच राहू दिले. प्रश्न सुटला, असे माझे मत होते. दोन निरीक्षक, प्रत्येकाकडे अर्धी माहिती. ती एकत्र केली की विसंगती नाहीशी होते. माझ्या कामात बऱ्याचदा असेच होते. मी बाबांच्या हातात फोन दिला.

"फोनवर नाही," ते म्हणाले. "उद्या जाऊ."

रविवारी आम्ही पाच मिनिटे आधी पोहोचलो. ही त्यांची जन्माची सवय. ती पाच मिनिटे आम्ही बांधणीच्या बंद दुकानासमोर उभे राहून घालवली, कारण वेळेआधी दार वाजवणे हेही त्यांच्यात बसत नाही. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. बरोबर चारला आम्ही जिना चढलो.

"या सर," काका म्हणाले.

बाबा बसले नाहीत. त्यांनी बहुधा वाटेत वाक्य तयार केले होते. "हे बघ. आजपासून सर नाही. ही ऑर्डर समज."

काका सावधानात उभे राहिले. "ऑर्डर असेल तर मानलीच पाहिजे, सर."

मी याआधी पुष्कळ विरोधाभास पाहिले आहेत, पण खुर्च्यांच्या मध्ये उभा असलेला हा पहिलाच. हुकूम पाळला तर हुकूम देणारा सीनियर ठरतो, आणि सीनियर ठरला की हुकूम मोडतो. बाबांकडे मागणी करण्याचे हुकूम हेच एक साधन होते, आणि या एका मागणीसाठी ते निरुपयोगी होते.

"दोघांची सत्तरी आली," काकू म्हणाल्या, "अजून परेड सुटली नाही. बसा की आता दोघं. पाय माझे दुखायला लागले बघून."

दोघे बसले. बाबांनी मग त्या दोन सीनियरांचे सांगितले. ते उभे होते कुठे, त्यांतला एक कसा कुप्रसिद्ध होता, कोलांट्या, फरशी, पाय. कारणे क्रमाने आणि नीट मांडलेली होती. काका शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"ते दोघं मला दिसले होते," ते म्हणाले.

बाबांनी वर पाहिले.

"तुमच्या खांद्यामागेच होते. तुम्ही 'कॅरी ऑन' म्हणालात ते बरोबरच केलंत. मीपण तेच म्हटलं असतं." काकांचा आवाज अगदी साधा होता, एखादी वेळ किंवा अंतर सांगावे तसा. "संध्याकाळी मागे कोण होतं, सर?"

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये हुज्जत घालत होते.

"कुणी नाही," बाबा म्हणाले.

"मी दार उघडं ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशीही."

"हो."

"मला वाटलं, आठवडा जाऊ दे. मग टर्म संपली."

माझी अपेक्षा होती, की बाबा आणखी एखादे कारण देतील. त्यांच्याकडे कारणे नेहमी असतात. परंतु ते आपल्या पंज्यांकडे बघत म्हणाले, "मला आवडलं होतं ते."

"काय?"

"सर म्हटलेलं. तोवर मला फक्त पोरं घाबरून म्हणायची. तू म्हणालास ते... तू पळण्यात माझ्यापुढे, गणितात माझ्यापुढे. आणि तू टाचा जुळवल्यास. नाटक होतं, कळलं मला. तरी आवडलं. संध्याकाळी आलो असतो तर ते संपलं असतं. म्हणून आलो नाही."

मी माझ्या वडिलांना याआधी असे काही बोलताना ऐकले नव्हते आणि त्यानंतरही ऐकलेले नाही. त्या वेळी मला जे आठवले त्याची येथे नोंद करते, कारण ती टाळली तर हा वृत्तान्त अपुरा राहील. आमच्या प्रयोगशाळेत सर्वजण एकमेकांना नावाने हाक मारतात, संचालकांनासुद्धा. मागच्या वर्षी आलेल्या एका विद्यार्थिनीने पहिल्या आठवड्यात मला 'मॅम' म्हटले. तिला सुधारायचे मी ठरवले होते. सात महिने झाले.

"अस्सं," काका म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "हे खरं वाटतं."

क्षमा मागितली गेली नाही, दिलीही गेली नाही. काकू शेवया घेऊन आल्या आणि विषय त्यांच्या गुडघ्याकडे वळला. मी मात्र ऐकत राहिले, कारण आता मला माहीत होते, की काय ऐकायचे. मराठीत एक सोय आहे, जिचा उपयोग मी तोवर कधी मोजला नव्हता: समोरच्याला 'तू' किंवा 'तुम्ही' न म्हणता बोलता येते. 'आणखी शेवया घ्यायच्या का?' 'पंखा वाढवायचा?' 'आता निघायची घाई नाही ना?' काका तासभर असेच बोलले. प्रत्येक वाक्य असे वळवलेले, की त्यात माणूस येऊ नये. 'सर' एकदाही आले नाही. 'तू'ही आले नाही. हे करण्यासाठी प्रत्येक वाक्याआधी किंचित थांबावे लागते, आणि ते थांबत होते.

परतताना रिक्षात बाबा म्हणाले, "त्यानं एकदाही सर म्हटलं नाही."

"'तू' असंही म्हटलं नाही."

"माहीत आहे मला."

मुदतीच्या आदल्या दिवशी काकांचा संदेश आला, बाबांच्या फोनवर: 'माझे नाव माझ्या कोर्सच्या पुस्तिकेत येईल. नोंद बरोबर हवी.' याही वाक्यात कुणाला संबोधन नव्हते. बाबांनी तो दोनदा वाचला.

"यादी बंद कर," ते मला म्हणाले. "दहाच पाठव."

"पण तुम्हाला तर—"

"त्याचं बरोबर आहे. नोंद बरोबर हवी."

पुस्तिका छापून आली तेव्हा तिच्यातले बंगळूरचे पान बाबांनी मला दाखवले, टंकनाच्या दोन चुका काढल्या आणि ती कपाटात ठेवून दिली. तोवर ते गुरुवारी चामराजपेटला जाऊ लागले होते. काही काम काढून नाही. चारला जातात, सहाला येतात. काय बोलता असे मी एकदा विचारले, तर म्हणाले, "बोलत नाही फारसं. कागदाच्या घड्या घालतो. तो म्हणतो, माझी कड वाकडी येते."

"म्हणतो म्हणजे कसं म्हणतो? 'तुझी' का 'तुमची'?"

"'ही कड वाकडी आली,' असं म्हणतो."

तिसऱ्या गुरुवारी मला त्या बाजूला काम होते, म्हणून बाबांना घेऊन यायला मीच गेले. दोघे वरच्या खोलीत होते. बाबा जमिनीवर नुकत्याच शिवलेल्या वह्यांच्या गठ्ठ्याशी बसले होते, गुडघ्यांची तक्रार न करता. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आत काकूंशी बोलत होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती आणि मी आल्याचे त्यांना कळले नव्हते.

"आधी त्याला दे," ते काकूंना म्हणाले. "त्याला उशीर होतोय."

मी बाबांकडे पाहिले. त्यांचा हात गठ्ठ्यावर तसाच राहिला होता.

"मला कसला उशीर?" बाबा मोठ्याने म्हणाले. "बसणार आहे मी."